फांद्यांची कुट्टी करणारे यंत्र निवडताना

द्राक्षबागांची छाटणी आटोपली की नाशिक, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत बांधाबांधांवर काड्यांचे ढीग दिसू लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी ही पाळी वर्षातून दोनदा येते. डाळिंब, पेरू, सीताफळ आणि आंबा यांच्या बागांतूनही छाटलेल्या फांद्या निघतात. विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उरते, तर तुरीच्या मळणीनंतर तुराट्या उरतात. या सर्व मालाचे काय करावयाचे, या प्रश्नाचे आजवरचे सोपे उत्तर काडेपेटीत होते.

हे उत्तर सोपे असले तरी स्वस्त नाही. काड्या जाळल्या की त्यांतील कर्ब आणि नत्र बहुतांशी हवेत निघून जातात. राखेच्या रूपाने पालाश, चुना असे थोडेफार घटक मागे राहतात. ज्या जमिनीने या फांद्या वाढविल्या, तिच्या वाट्याला सेंद्रिय द्रव्य असे काहीच येत नाही. म्हणूनच फांद्यांचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जमिनीस देण्याचा विचार अलीकडे रुजू लागला आहे. त्यासाठी ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणारी कुट्टी यंत्रे बाजारात मिळतात आणि 2014-15 पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाद्वारे शेती अवजारांना अनुदानही दिले जात आले आहे. परंतु यंत्र विकत घेणे आणि योग्य यंत्र विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही वर्षांपूर्वी माहिती संकलनाच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला. तेथील काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असे एक यंत्र घेतले होते. ते एका लिंबाच्या झाडाखाली उभे होते आणि त्यावर गंज चढू लागला होता. चौकशी करता असे कळले की, यंत्र जाड ओंडक्यांसाठी बनविलेले आणि वजनाने भारी होते. गावातील ट्रॅक्टर मात्र वेलींच्या दोन ओळींमधून चालणारे, लहान. यंत्र उचलले की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होत आणि चार फांद्या एकदम घातल्या की इंजिन बंद पडे. समूहातील एक वयस्क बागायतदार म्हणाले, "साहेब, यंत्र चांगलं आहे. फक्त ते आमच्या बागेचं नाही."

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. परंतु त्या एका वाक्याने जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर कृषी अभियंते, ट्रॅक्टरचालक आणि बागायतदार यांच्याकडून वेळोवेळी जाणून घेण्याचा प्रयत्न केला. त्यातून जे हाती आले, ते येथे मांडले आहे.

आधी माल, मग यंत्र

निवडीची सुरुवात दुकानात न होता शेतात व्हावयास हवी. कशाची कुट्टी करावयाची, ती फांदी किती जाड, ओली की वाळलेली आणि एकूण माल किती, या प्रश्नांची उत्तरे प्रथम कागदावर लिहून काढावीत. द्राक्षाची काडी पेन्सिलीएवढी, फार तर अंगठ्याएवढी असते. जुन्या आंब्याची फांदी मनगटाहून जाड असू शकते. या दोहोंसाठी एकच यंत्र शोधणे म्हणजे बहुधा दोन्ही कामांना पुरे न पडणारे यंत्र घेणे होय.

जाडीचा परिणाम वरवर दिसतो त्याहून मोठा असतो. फांदीची जाडी दुप्पट झाली की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. पाच सेंटिमीटरची फांदी सहज कापणारे यंत्र दहा सेंटिमीटरच्या फांदीशी अडते, ते यामुळेच. माहितीपत्रकात दिलेली कमाल जाडी ही क्वचित येणाऱ्या एखाद्या फांदीची मर्यादा समजावी. दिवसभर त्याच जाडीचा माल सलग घालता येईल, असा तिचा अर्थ नव्हे. शिवाय ओले लाकूड पात्याखाली सहज कापले जाते. तेच वाळले की कठीण होते आणि पाती लवकर बोथट करते. म्हणून छाटणीनंतर फार दिवस न लोटता कुट्टी करणे हिताचे.

मालाचे मोजमाप कोणासही करता येते. दहा वेलींच्या छाटलेल्या काड्या गोळा करून त्यांचे वजन करावे आणि त्यास वेलींच्या संख्येने गुणावे. उदाहरणार्थ, नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लागवड असेल, तर एकरी सुमारे 968 वेली बसतात. समजा, एका वेलीच्या काड्या दीड किलो भरल्या, तर एका एकरात जवळजवळ दीड टन माल निघेल. आपल्या बागेतील आकडा याहून कमी वा अधिक असेल. तो अंदाजाने न धरता प्रत्यक्ष तोलून काढावा.

यंत्रांचे तीन प्रकार

पहिला प्रकार पात्यांनी कापणाऱ्या यंत्रांचा. यात फिरत्या जड चकतीवर किंवा दंडगोलावर धारदार पाती बसविलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फांदी या दोहोंमध्ये सापडून तिच्या स्वच्छ चकत्या पडतात. सरळ आणि काहीशा जाड फांद्यांसाठी हा प्रकार उत्तम. मात्र खडा, तार किंवा खिळा आत गेला की पात्याची धार गेलीच म्हणून समजावे.

दुसरा प्रकार हातोड्यांनी ठेचणाऱ्या यंत्रांचा. श्रेडर या नावाने ही यंत्रे ओळखली जातात. लोंबत्या हातोड्यांच्या माऱ्याने पाने, डहाळ्या आणि वेडावाकडा माल फाटून बारीक होतो. माती-खड्यांचा त्रास येथे तुलनेने कमी होतो. खतासाठी असा ठेचलेला माल अधिक चांगला, कारण फाटलेल्या तंतूंवर सूक्ष्म जीवांचे काम लवकर सुरू होते. जाड लाकडापुढे मात्र हा प्रकार तोकडा पडतो. काही यंत्रांत पाती आणि हातोडे दोन्ही असतात.

तिसरा प्रकार शेतातच चालणाऱ्या मल्चरचा. दोन ओळींमध्ये पसरलेल्या काड्यांवरून ट्रॅक्टर नेला की यंत्र त्या उचलून जागीच बारीक करते. काड्या गोळा करण्याची आणि वाहून नेण्याची मजुरी यात वाचते. पातळ काड्या, पाचट आणि उभी पऱ्हाटी यांसाठी हा प्रकार सोयीचा आहे. त्याची रुंदी मात्र आपल्या ओळींतील अंतराशी जुळली पाहिजे. जमीन दगडाळ असेल, तर उडणाऱ्या खड्यांचा धोका लक्षात घ्यावा.

ट्रॅक्टरची खरी शक्ती

ट्रॅक्टरच्या नावापुढे लिहिलेली अश्वशक्ती ही इंजिनाची असते. यंत्रास मिळते ती ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दांड्यावरील शक्ती आणि ती साधारणपणे दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी असते. 24 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे यंत्रास 20 ते 21 अश्वशक्तीच मिळेल, असे धरून चालावे. ट्रॅक्टर जुना असेल, तर त्याहूनही कमी. यंत्राची गरज या आकड्यास टेकलेली नसावी. थोडी शक्ती हाताशी राखून ठेवली, तर इंजिन दमत नाही आणि डिझेलही वाया जात नाही.

त्यानंतर फेऱ्यांचा प्रश्न येतो. शेतीची बहुतेक यंत्रे पी.टी.ओ.च्या मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनविलेली असतात. काही मोठ्या यंत्रांना 1000 फेऱ्या लागतात. 540 साठीचे यंत्र 1000 वर चालविणे हा जिवाशी खेळ आहे, कारण पाती आणि हातोडे इतक्या वेगासाठी बसविलेले नसतात. उलट, डिझेल वाचविण्यासाठी फेऱ्या फार कमी ठेवल्या, तर फांदी कापली न जाता अडकते. इंजिनाच्या कोणत्या वेगाला 540 फेऱ्या मिळतात, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चालकास ते ठाऊक असलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट वजनाची. तीन बिंदूंच्या जोडणीवर यंत्र टांगावयाचे असेल, तर ट्रॅक्टरची उचलशक्ती आणि जोडणीच्या पिनांचा आकार हे दोन्ही जुळले पाहिजे. मोठ्या यंत्रास स्वतःची चाके असल्यास उत्तम. जोडदांड्याची लांबीही तपासावी. तो फार लांब असेल, तर यंत्र उचलताना दोन्ही टोकांना रेटतो आणि फार आखूड असेल, तर चालताना निसटतो. फांदी अडकल्यास धक्का गिअरपेटीपर्यंत जाऊ नये म्हणून तुटणारा बोल्ट किंवा घसरणारा क्लच असणे आवश्यक आहे. दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटणे परवडते, गिअरपेटी फुटणे परवडत नाही. मात्र तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताशी असलेला कोणताही पोलादी बोल्ट ठोकण्याची सवय सोडावी. तो तुटत नाही, हाच त्याचा दोष आहे.

भरणतोंड आणि माणसाचा हात

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या घेतो. नेहमीच्या दांड्याचा व्यास सुमारे 35 मिलिमीटर असतो. म्हणजे पदराचे टोक त्यात अडकले, तर एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळले जाते. 'सोड' म्हणावयास लागणारा वेळही त्यात मिळत नाही. बागेत काड्या गोळा करण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. दांड्यावर पूर्ण लांबीचे प्लास्टिकचे आवरण नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये. यंत्राजवळ काम करणाऱ्याने पदर किंवा ओढणी घट्ट खोचावी. उपरणे, सैल बाह्या आणि हातातील कडी काढून ठेवावीत.

मळणी यंत्रांवर पूर्वी अनेकांचे हात गेले. ते अपघात डोळ्यांपुढे ठेवूनच धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, 1983 हा केंद्रीय कायदा करण्यात आला. मळणी यंत्राची भरणनळी किमान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, या भारतीय मानकामागील तत्त्व साधे आहे. माणसाचा हात कितीही लांबविला, तरी तो फिरत्या भागापर्यंत पोहोचता कामा नये. फांद्यांच्या यंत्राचे भरणतोंड पाहतानाही हीच कसोटी लावावी. यंत्र बंद असताना आपला हात आत घालून पाहावा. पात्याला बोट लागत असेल, तर ते यंत्र नाकारावे.

लहान यंत्रांत फांदी पात्याच्या ओढीने आत जाते. मोठ्या यंत्रांत ती रोलर ओढतात. रोलर असल्यास ते तत्काळ थांबविणारा आणि उलटे फिरविणारा दांडा भरणतोंडालगत, हाताला किंवा अंगाला सहज लागेल असा असावा. आखूड तुकडे हाताने वा पायाने रेटू नयेत. त्यासाठी लाकडी दांडका वापरावा. तो पात्यात गेला, तरी लाकूडच कापले जाईल. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पी.टी.ओ. बंद केला तरी जड चकती आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबून ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात ठेवल्याखेरीज झाकण उघडू नये. एकट्या माणसाने हे काम कधीही करू नये आणि मुलांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

पात्यांची निगा

धार गेली की यंत्र स्वतः तसे सांगते. स्वच्छ तुकड्यांऐवजी भुसा आणि तुसे पडू लागतात, इंजिनाचा आवाज जड होतो आणि फांदी आत जाण्याऐवजी थरथरते. फिरते आणि स्थिर पाते यांतील अंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राखावे. पाती नेहमी जोडीने काढून सारख्या वजनाची राहतील अशी घासावीत. एक पाते हलके झाले, तर चकती हेलकावे खाते आणि बेअरिंग जातात. खरेदीच्या वेळीच पात्यांचा एक जादा संच घ्यावा आणि तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात की नाही, याची खात्री करावी.

बागेतील माल यंत्रात घालण्यापूर्वी सुतळी, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तारांचे तुकडे वेचून काढावेत. पऱ्हाटी मुळासकट उपटली असेल, तर मुळांची माती झटकावी. माती ही पात्याची मोठी शत्रू आहे.

एकट्याचे की सर्वांचे?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वर दिलेले उदाहरण पुढे नेऊ. समजा, शेतकऱ्याची बाग पाच एकरांची आहे आणि यंत्र तासाला 500 किलो माल कापते. एका छाटणीचा सुमारे सव्वासात टन माल साडेचौदा तासांत संपेल. दोन्ही छाटण्या सारख्या धरल्या, तर वर्षाचे काम झाले 29 तास. यंत्राची किंमत तीन लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरले, तर घसारा, व्याज, निवारा आणि देखभाल मिळून वर्षाला सुमारे 45 हजार रुपयांचा भार येईल. तासाला तो 1,550 रुपये पडतो. ट्रॅक्टर, डिझेल आणि मजुरी त्याहून वेगळी.

आता असे बारा शेतकरी एकत्र आले, असे समजा. साठ एकरांच्या एका छाटणीस 174 तास लागतील. दररोज सहा तास काम धरले, तर 29 दिवस. म्हणजे महिनाभराच्या हंगामात एक यंत्र पुरते. वर्षाला 348 तास काम झाल्याने तोच 45 हजारांचा भार तासाला सुमारे 130 रुपयांवर येतो. मात्र चाळीस शेतकऱ्यांत एकच यंत्र घेतले, तर शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत काड्या वाळून खडखडीत होतील आणि काडेपेटी पुन्हा बाहेर निघेल. येथील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावाने त्यात आपले आकडे घालून हिशेब करावा. निष्कर्ष बहुधा हाच निघेल की, लहान शेतकऱ्याने हे यंत्र एकट्याने घेऊ नये. ते अवजारे बँकेने, गटाने वा उत्पादक कंपनीने घ्यावे आणि सर्वांनी भाड्याने वापरावे.

वैयक्तिक खरेदीसाठी उपअभियानातून लहान व सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्के व इतरांना 40 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत, असे अनुदानाचे सर्वसाधारण स्वरूप राहिले आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. चालू वर्षाचे निकष आणि पात्र अवजारांची यादी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून जाणून घ्यावी. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेसारख्या मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात यंत्राला लागणारी शक्ती आणि प्रत्यक्ष क्षमता दिलेली असते. अनुदान मिळते म्हणून यंत्र घेणे हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. लिंबाखाली गंजणाऱ्या यंत्रालाही किंमत मोजलेली असते.

कुट्टीचे काय करावे?

लाकडात कर्ब पुष्कळ आणि नत्र अत्यल्प असते. ताजी कुट्टी मातीत मिसळली, तर ती कुजविणारे जीव जमिनीतील नत्र तात्पुरते स्वतःकडे ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून ती मातीत न मिसळता आच्छादन म्हणून पृष्ठभागावर, खोडापासून थोडी दूर पसरावी. ओलावा टिकतो आणि तणही दबते. अथवा शेण आणि थोडा युरिया मिसळून खत करावे. उसाच्या पाचटासाठी टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू, अशी शिफारस प्रसिद्ध आहे. फांद्यांची कुट्टी पाचटाहून कठीण असल्याने तिला कुजण्यास अधिक काळ द्यावा लागतो.

यात दोन अपवाद आहेत. डाळिंबावरील तेल्या किंवा मर रोगाने ग्रासलेल्या फांद्या यंत्रात घालू नयेत. कुट्टीबरोबर रोग बागभर पसरेल. त्या वेगळ्या काढून नष्ट कराव्यात आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना यंत्र स्वच्छ करावे. कापसाची गोष्ट याच्या उलट आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यात मोठे नुकसान केले. उरलेल्या किडक्या बोंडांत ही अळी तग धरते. तेव्हा फरदड न घेता हंगाम वेळेवर संपविणे आणि पऱ्हाटीची लगेच कुट्टी करणे हा पुढील वर्षाच्या संरक्षणाचा भाग ठरतो.

एक सामाजिक बाजूही आहे. अनेक गावांत पऱ्हाटी आणि तुराट्या हेच भूमिहीन कुटुंबांचे सरपण असते. यंत्र आणण्यापूर्वी या कुटुंबांचा वाटा किती ठेवावयाचा, हे ग्रामसभेत ठरविणे न्यायाचे होईल.

खरेदीपूर्वी

पंचायत सदस्यांनी आणि गटप्रमुखांनी विक्रेत्याकडे एकच आग्रह धरावा : यंत्र आमच्या गावी आणा, आमच्या ट्रॅक्टरला जोडा आणि आमच्याच फांद्या त्यात घाला. असे प्रात्यक्षिक किमान एक तास सलग चालावे. कुट्टीचे वजन करावे, डिझेल मोजावे, यंत्र किती वेळा अडले याची नोंद ठेवावी. दुकानदाराने आणलेल्या सरळ, सोललेल्या दांड्यांवरून निर्णय घेऊ नये. शाळेतील शिक्षकांनी या नोंदी ठेवण्यास मदत केली, तर गावाजवळ पुढील खरेदीसाठीही विश्वसनीय आधार राहील. यंत्र आल्यावर ते कोणीही न चालविता दोन प्रशिक्षित चालक नेमावेत आणि कामाच्या तासांची वही ठेवावी.

लिंबाखालचे ते यंत्र पुढे त्या समूहाने आंब्याच्या जुन्या बागा असलेल्या आणि मोठे ट्रॅक्टर बाळगणाऱ्या दुसऱ्या गटास विकले, असे नंतर समजले. ते तेथे चांगले चालते. यंत्र तेच होते. बदलला तो माल, ट्रॅक्टर आणि हिशेब. हा हिशेब खरेदीनंतर करण्याऐवजी आधी केला, तर गावाचा पैसा वाचेल, जमिनीचे तिला परत मिळेल आणि काम करणाऱ्यांचे हात सुरक्षित राहतील.